सांधणी

“काळोखाच्या वाटेवरी, कोण चालतो एकला…”

विश्रामचा हा आवाज इंदुमतीने ऐकला, त्याला सहा वर्षं उलटली होती. ‘टिटवी’ यानातून तो नेपच्यूनच्याही पल्याड गेलेला. ही इकडे डोंगरावरच्या संदेशकेंद्रात एकटी. प्रत्येक संदेशाच्या शेवटी तो अर्धी ओवी म्हणून थांबायचा आणि उरलेली अर्धी हिने धाडायची, असा नवरा-बायकोचा रिवाज. ही एक मात्र तिने अडवून धरली. ओवी अपुरी राहिली, तर तिच्या ओढीने तो पुन्हा बोलेल, असं तिचं वेडं गणित. त्यानंतर यानाच्या दिशेकडून नुसती खरखर येऊ लागली.

केंद्रातला संगणक म्हातारा, त्यातली प्रणालीही तेवढीच म्हातारी. कधी अडली नाही, कधी कोसळली नाही. पण जेवढं आलं तेवढंच ऐकवायची. शब्द गळला, की तिथे गप्प राहायची.

देखभालीला येणाऱ्या रुबिना मुकादमने यंदा नवी प्रणाली आणली. सांधणी तिचं नाव.

“रफूच म्हणा ना, काकू,” ती म्हणाली. “काकांचं आजवरचं सगळं बोलणं हिने शिकून घेतलंय. जिथे भोक पडलं असेल, तिथे ते काय बोलले असते याचा अंदाज बांधून धागा भरते. या जुन्या यंत्रालाही झेपेल.”

“आणि सगळं भोकच असलं तर?”

रुबिना पेचकस फिरवत राहिली.

त्या संध्याकाळी त्याच खरखरीतून विश्राम बोलला. जेवलीस का, विचारलं. मग रोजच बोलू लागला. गुडघ्याला तेल लावत नाही म्हणून रागावला, काजू मोहरला का म्हणाला. इंदुमती केंद्रात येण्याआधी वेणी घालू लागली. काकू नवरीसारख्या दिसायला लागल्या, अशी रुबिनाने थट्टाही केली.

मग एकदा आवाजाने तीच ओवी धरली. आता तो थांबेल, म्हणून इंदुमती सरसावली. पण तो थांबलाच नाही.

“…चांदण्याचा हात त्याच्या खांद्यावरती टेकला.”

ओळ सुरेख होती. पण ती जागा इंदुमतीची होती, आणि विश्रामने ती कधी घेतली नव्हती.

तिने रुबिनाला बोलावून घेतलं. जुनी प्रणाली परत घाल म्हणाली.

“त्यात काहीच उरलं नाहीये, काकू. खरखर फक्त.”

“ठाऊक आहे गं. पण ही बया मला बोलायला जागाच ठेवत नाही. त्यांनी ठेवली होती.”

जुनी प्रणाली सुरू झाली. खोलीभर खरखर पसरली. तिच्यात कुणी नव्हतं. इंदुमतीने ध्वनिक्षेपक जवळ ओढला, घसा साफ केला आणि सहा वर्षं अडवलेली ओळ सोडून दिली.

“माझ्या उंबऱ्याचा दिवा, त्याच्यासाठी जागला.”