रिकाम्या वाटीचं वजन

पदार्थ तापत जाताना त्याचं वजन कसं घटतं, ते टिपणारा थर्मोबॅलन्स आमच्या रसायन विभागात यावा म्हणून विश्वासराव सरांनी किती वर्षं खेटे घातले होते. १९९४च्या उन्हाळ्यात तो यशवंतपूरच्या गोदामात उतरला, तेव्हा सर स्वतः टेम्पोत बसून त्याला घेऊन आले. माझी विद्यार्थिनी प्रेमा हिचं पीएच.डी. त्याच्यावाचून अडलं होतं.

कंपनीचा इंजिनिअर नागराज मूळचा निपाणीचा, त्यामुळे आमच्याशी मराठीत बोलायचा. त्यानं यंत्र जोडलं. पहिली चाचणी रिकाम्या प्लॅटिनमच्या वाटीची. आलेखाची रेघ सरळ जायला हवी होती. ती वर चढू लागली.

"गरम वायूमुळे स्वल्प, थोडं होतं तसं," नागराज म्हणाला.

मलाही तेच वाटलं. पण रेघ चढतच राहिली. यंत्रातली भट्टी निवल्यावर उघडली, तर वाटीत पांढरी राख.

"वाटी धुतली नव्हती का?" सरांनी विचारलं.

"मीच धुतली, सर. लाल होईपर्यंत तापवलीसुद्धा," प्रेमा म्हणाली.

वाटी पुन्हा धुतली. नागराजनं नळी बदलली, नायट्रोजनचं सिलिंडर बदललं. या खेपेला वाटीत कोळशाचा तुकडा निघाला. केस जळल्यासारखा वास खोलीभर पसरला. खिडकीबाहेर निलगिरीखाली मुलं डबे खात बसली होती.

मला काही सुधरेना. आगीत जळून गेलेलं उलट पावलांनी परत येत होतं. पण कुठून? वाटीत काहीच ठेवलं नव्हतं.

"सर, हे परत पाठवू या," मी म्हणाले.

"परत गेलं की दुसरं येत नाही, मॅडम," प्रेमा रडवेली झाली.

सरांनी दोघींकडे पाहिलं. मग त्यांनीच बटण दाबलं.

रेघ चढली. एका जागी थांबली. या वेळी वास आला नाही.

नागराजनं भट्टी उघडली आणि मागे सरला.

वाटीत नख होतं. माणसाचं, गुलाबी.

सर वाकले. मग अगदी हळू विचारलं, "कावेरी, कोण असेल गं?"

मी भिंतीतला प्लग उपटला. यंत्राचे दिवे विझले, त्याचा पंखा घरघरत थांबला. प्रेमानं माझा हात घट्ट धरला.



नखाच्या कडेनं कातडी धरू लागली होती.