क्लॅरिनेटचं बारकं पुस्तक

राजारामपुरीतल्या झेरॉक्सच्या दुकानात माझ्या पियानोच्या पुस्तकाची पानं मशिनमधून निघत होती, आणि मागून कोणीतरी म्हणालं, "वरची ओळ क्लॅरोनेटची हाय न्हवं?"

मी वळले. हातात आधार कार्ड, केसांत पावसाचे थेंब, माझ्याच वयाचा एक मुलगा.

"तुला हे वाचता येतं?"

"चाचा फौजेच्या बँडात होते. कान पिळून शिकवलंय." तो हसला. "मी खिजर. तुझ्यासंगं क्लॅरोनेट कोन वाजवतंय?"

कोणीच नाही. जुन्या जर्मन संगीतकाराची ती रचना दोघांसाठी लिहिलेली. आई-बाबा दिवसभर दवाखान्यात, मैत्रिणींना पियानो ऐकला की झोप येते... मी आपली रिकाम्या घरात अर्धीच रचना वाजवायचे. पण हल्ली मी हवं ते सरळ मागून टाकते.

"तू येशील? रविवारी आई घरी असते."

तो आला. आईनं चहा दिला आणि पेपर उघडून सोफ्यावर बसली. खिजर माझ्या खांद्याशी उभा, दोघांची नजर एकाच पानावर... आणि सुरू केलं तर गल्लीतली कुत्री भुंकतील असा आवाज.

"पूर्णिमा, चुकतीस तू."

"मी? तूच एक सूर खाली वाजवतोयस."

"लिवलंय त्येच वाजवतोय की."

एक सूर खाली — मी उठलेच. पुस्तकाबरोबर एक बारकं पुस्तक आलं होतं, फक्त क्लॅरिनेटचं. त्यात सगळं एक सूर वर छापलेलं. छपाई चुकली समजून मी ते कपाटात टाकलं होतं. क्लॅरिनेट लिहिल्यापेक्षा खालीच बोलतं, हे मला कुठून कळणार? शेजारी कधी कोणी नव्हतंच.

ते समोर ठेवलं, आणि जुळलं. आईचा पेपर हळूच मांडीवर आला.

त्याच्या ओळीत मध्ये लांब विश्रांती होती. तिथं मुंगीएवढे काही सूर छापलेले.

"हे बारीक कुनाचं?"

"माझं. तू गप्प असताना मी काय वाजवते ते. म्हणजे तुला कधी यायचं ते कळतं."

तो त्या सुरांवर बोट ठेवून उभा राहिला. "म्हंजे मी गप असलो तरी तू हायेसच."

मी उगाच पान उलटलं.

पावसाळाभर रविवार असेच गेले. मग एकदा, आई आत चहा करत असताना, त्यानं क्लॅरिनेट बाहेर काढलंच नाही.

"इचलकरंजीत अब्बांचा मागाचा कारखाना बंद पडला. आम्ही समदी भिवंडीला चाललोय... शनवारी."

मी पियानोवरचे हात काढून घेतले. परत ते घर, ती अर्धी रचना. आणि हे न बोलता राहिलेलंही एकटीनंच सांभाळायचं? नाही.

"मला तू आवडतोस. वाजवतोस म्हणून नाही... म्हणजे, म्हणूनही."

तो खाली बघत होता. "मला बी. झेरॉक्सच्या दुकानापासनं."

"मग बोलला का नाहीस?"

"माझ्या ओळीत विश्रांती लई हाय."

मी हसले, आणि मग रडले. बारकं पुस्तक त्याच्या हातात दिलं. ते घेऊन तो जिना उतरला.

आता रविवारी मी वाजवते. एके ठिकाणी पियानो थांबतो, क्लॅरिनेट एकटंच जातं. तिथं मी हात मांडीवर घेते.

"अगं, थांबलीस का?" आईनं परवा विचारलं.

"थांब जरा," मी म्हणाले. "त्याचं चाललंय."