कप्तानांचं हसू

"उद्या सकाळच्या बसने हा घरी जाईल," शिबिराचे कप्तान म्हणाले. "ध्रुवावर अन्नचोर म्हणजे सगळ्या तुकडीचा घात."

गुंड्या मान खाली घालून उभा होता. अडीअडचणीसाठी ठेवलेल्या चॉकलेटच्या डब्यावर काल त्याचा पहारा होता आणि डबा निघाला रिकामा. ध्रुवावरच्या मोहिमेसारखं राहायला शिकवणाऱ्या, बर्फातल्या या शिबिराला यायचं म्हणून पोराने घरी किती लाडीगोडी लावली होती! त्याच्या ताईचं डोकं असं भडकलं की विचारू नका.

"माझ्या भावाला चोर म्हणतात काय? दाखवतेच आता," तंबूत येऊन ती फणफणली.

"मला एक कळत नाही," तिची मैत्रीण चष्मिष म्हणाली. "नेता शेवटी जेवतो म्हणून कप्तान जेमतेम दोन घास खातात. मग त्यांच्या मिशीला चॉकलेट कुठलं?"

ताईने तिला मिठीच मारली. डब्याची किल्ली आता फक्त कप्तानांकडे होती आणि चॉकलेटच्या नव्या वड्या त्यात जाणार होत्या स्वयंपाकाच्या मावशींकडून. मावशींचा गुंड्यावर भारी जीव. त्यांनी चॉकलेट वितळवलं, ताईने त्यात तिखट घातलं.

"बास गं," मावशी म्हणाल्या.

"अजून एक चमचा," ताई म्हणाली.

वड्या बर्फात थिजवून, कागदात गुंडाळून मावशींनी कप्तानांच्या हवाली केल्या.

संध्याकाळी शाळेच्या मोठ्या बाई शिबिर बघायला आल्या. कप्तान तंबूतून भाषणाला आले ते लालबुंद होऊनच. "ध्रुवावर... कितीही हाल झाले... तरी नेता हसतो." डोळ्यांना धारा लागलेल्या, पण हसू कायम.

ताईने हात वर केला. "सर, अन्न संपल्यावर नेत्याने काय करायचं?" मग तिने दुसरा प्रश्न विचारला, मग तिसरा. तिला मनापासून मजा येत होती.

शेवटी कप्तान पाण्याच्या जगकडे झेपावले. तो ताईने आधीच उचलला होता.

"बाई, आज डब्यातल्या वड्यांत आम्ही तिखट घातलंय. किल्ली फक्त सरांकडे असते. त्यांचं तोंड का भाजतंय, विचारा."

बाईंनी कप्तानांकडे नुसतं बघितलं. ते हसू कुठल्या कुठे पळालं.

"पाणी," कप्तान घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"आधी माझ्या भावाची माफी."

"गुंड्या, चॉकलेट मी खाल्लं. चुकलो."

"ताई, दे ना आता," गुंड्या कळवळला.

"मागच्यांना ऐकू नाही आलं," ताई म्हणाली. कप्तानांनी पुन्हा ओरडून सांगितलं, तेव्हा कुठे तिने जग दिला.

"तिखट घातलंस ते वाईटच केलंस," बाई तिला म्हणाल्या. "पण तुकडीतल्या एकालाही मागे सोडत नाही, तो खरा नेता. शाब्बास पोरी! उद्याच्या बसने कप्तान जातील. पुढचं शिबिर मी बघते. सकाळी डोंगरावर कोण कोण येणार?"

सगळ्यांत आधी हात वर गेला तो गुंड्याचा.