रिकाम्या वर्तुळाला निरोप

टाचणीला सगळे टाचणीच म्हणत, कारण ती होतीच तशी. अंगाने किडकिडीत, आणि तोंड उघडलं की टोचणार. तिचा मामा बोलावणारा होता. ज्यांना अंग नसतं त्यांना खडूच्या वर्तुळात बोलावून घ्यायचं, एखादं काम सांगायचं आणि काम झालं की वाटेला लावायचं, असा तो धंदा. कुलूपवाला आणि चष्मेवाला यांच्या दुकानांमधल्या अरुंद जिन्यावर मामाची पाटी होती. खालच्या खोलीत आई पडदे शिवायची, वरच्या खोलीत मामाचं काम चालायचं.

बोलावणारा म्हटलं की लोकांना वाटतं, काहीतरी भव्यदिव्य असणार. इथे येणाऱ्यांपैकी कोणाच्या मोरीचा पाइप तुंबलेला असे, कोणाची अंगठी हरवलेली, तर कोणाच्या सासऱ्याचं घोरणं भिंतीपलीकडच्यांनाही झोपू देत नसे. येणारे बिनअंगाचेही यथातथाच. कामचुकार, तोंडाळ आणि नकला करण्यात पटाईत. पाइप साफ करायला आलेला एकजण दिवसभर घरमालकिणीच्या आवाजात "माझ्या मेलीच्या नशिबातच नाही सुख!" असं ओरडत राहिला होता, आणि घरमालक बिचारा दर वेळी "आलो, आलो" म्हणत धावत होता. काम आटोपलं की मात्र सगळे एकच विचारत, "अजून काय हवंय?" त्यावर "काही नको" म्हणायचं आणि लगेच निरोप द्यायचा. गप्पा मारायच्या नाहीत.

निरोपाच्या बाबतीत मामा फार कडक होता. "कोणी आलेलं दिसो न दिसो, निरोप द्यायचाच," तो सांगायचा. "रिकाम्या वर्तुळालाही द्यायचा. आणि कोणाला देतोय ते नीट बघून द्यायचा. एकदा निरोप दिलेला पुन्हा कोणाच्याच हाकेला येत नाही."

बाकी मामा फारसं बोलत नसे. हसत तर मुळीच नसे. लहानपणी तो खदाखदा हसायचा असं आई सांगायची, पण आईच्या सांगण्यात लहानपणी ती स्वतःही फार सुंदर गायची, तेव्हा त्यावर किती विश्वास ठेवायचा हा प्रश्नच होता. त्याचा उजवा गुडघा कायमचा दुखरा. त्याला उग्र वासाचं मलम चोळून, हातात जाड काठी घेऊन तो खोलीच्या मधोमध स्टुलावर बसायचा आणि टाचणी फरशीवर वर्तुळ काढायची. रेघ वाकडी गेली की काठी त्या जागी एकदा वाजायची, टक्. वर्तुळाचा सांधा उघडा राहिला की दोनदा, टक् टक्. टाचणीचा सांधा नेहमीच उघडा राहायचा. मग मामा डाव्या हातात खडू घेऊन एका फटक्यात तो जुळवून दाखवायचा. त्याचं सगळ्यांत मोठं कौतुक म्हणजे "ठीक" हा एक शब्द, आणि तो टाचणीच्या वाट्याला कधी आला नव्हता. ती त्यासाठी किती झुरत होती हे तिने कोणाला सांगितलं नसतं.

बोलावण्याच्या परवान्यासाठीची तिची परीक्षा तोंडावर आली होती. त्या दिवशी सकाळपासून टक् टक् ऐकून तिचं डोकं उठलं होतं. मामा खडू आणायला बाहेर पडला आणि टाचणीला अवदसा आठवली. तिने मामाच्या स्टुलाभोवतीच वर्तुळ काढलं, त्याच्यासारखे ओठ आवळले, आणि बोलावण्याचे सगळे शब्द म्हणून झाल्यावर काम सांगितलं.

"मला एक हसरा मामा पाहिजे. चुका न काढणारा."

कोणी आलं नाही. स्टूल नुसतं स्टुलासारखं उभं होतं. टाचणीला स्वतःचंच हसू फुटलं. हसता हसता रिकाम्या स्टुलाला निरोप देण्याची तिला लाज वाटली, आणि तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली. वर्तुळ पुसायलाही वेळ नव्हता. तिने कोपऱ्यातली चटई ओढून त्यावर घातली आणि स्टूल वर ठेवून दिलं.

मामा आत आला. नेहमीप्रमाणे स्टुलावर बसला. नेहमीप्रमाणे आधी फरशीकडे बघितलं. चटईच्या कडेखालून रेघेचं टोक दिसत होतं.

"सांधा..." तो म्हणाला आणि थांबला.

त्याचं तोंड उघडंच राहिलं. खालचं शिवणयंत्र चालता चालता मधेच थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. आणि मामा हसला. मोकळं, खळाळून, शेवटी एक बारीकशी उचकी लागेल असं. टाचणी बघतच राहिली. तो उठला, तिच्या गालाला चिमटा काढला, आणि शीळ घालत दोन-दोन पायऱ्या टाकत खाली गेला.

काठी कुठे ठेवली म्हणून तिने नंतर शोधली. खोलीत ती कुठेच नव्हती.

"काठी?" मामा म्हणाला. "आता कशाला हवी? गुडघा ठणठणीत आहे."

पुढचे दिवस घरात नुसती धमाल होती. मामा शिवणयंत्राच्या तालावर चमचे वाजवायचा. पडदा पांघरून राजा व्हायचा. कुलूपवाल्याची हुबेहूब नक्कल करायचा, इतकी की खुद्द कुलूपवाला पोट धरून हसला आणि मग जरासा गप्प झाला. आईने पदराने डोळे टिपले. "माझा दादा परत आला गं," ती म्हणाली. टाचणीने काढलेलं कुठलंही वर्तुळ मामा दारातूनच बघायचा आणि म्हणायचा, "वा! शाबास!" उघड्या सांध्यालाही शाबास, वाकड्या रेघेलाही शाबास.

हवं होतं ते पदरात पडलं होतं, आणि तरी टाचणीला चैन पडेना. डावखुरा मामा चहाचा कप आता उजव्या हाताने उचलतो हे तिच्या लक्षात आलं. गुडघा बरा झाला म्हणून हातही बदलला असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली आणि ती समजूत किती येडपट आहे हे तिलाही कळत होतं. त्याचं हसू दर वेळी तेवढंच लांब असायचं आणि शेवटी तीच उचकी. वरच्या खोलीचा उंबरठा तो ओलांडत नसे. "नंतर येतो," म्हणायचा आणि चौकटीला टेकून उभा राहायचा. तिची नखं कुरतडून कुरतडून बोटांपर्यंत आली.

"अगं, एका जागी बस की जरा!" आई करवादली. "पायाला भिंगरी लागल्यासारखी काय फिरतेस?"

"आई, मामाचं काही वेगळं वाटत नाही तुला?"

आईने यंत्र थांबवलं. "इतक्या वर्षांनी घरात हसू आलंय," ती हळूच म्हणाली. "आता तू त्याला दृष्ट लावू नकोस."

मग वरच्या खोलीत आवाज सुरू झाले.

पहिल्यांदा तिला वाटलं, खिडकीची झडप वाजली. ती स्टुलासमोर गुडघ्यांवर बसून रेघ ओढत होती. टक्. रेघ जिथे वाकडी गेली होती तिथेच, तिच्या बोटांपासून वीतभर अंतरावर. खडूची बारीक भुकटी फरशीवरून उडाली. तिने हात मागे घेतला. मग, उगीच बघावं म्हणून, तिने वर्तुळ पुरं केलं आणि सांधा उघडा ठेवला.

टक् टक्.

ती जिना उतरून खाली आली तेव्हा मामा चष्मेवाल्याला काहीतरी सांगून हसवत होता. ती त्याच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. त्याला कसलाच वास नव्हता. मलमाचा वास वर येत होता, रिकाम्या स्टुलापाशी.

टाचणी बावळट नव्हती. तिने विचार केला आणि तिला उत्तर सापडलं. त्या दिवशी कोणीतरी आलं होतं, तिने निरोप दिला नाही, म्हणून ते अडकून राहिलं होतं. बोलावलेले नकला करतात हे तर सगळ्यांनाच ठाऊक. हे मामाची नक्कल करत होतं, काठीची, मलमाची, सगळ्याची. उत्तर चोख होतं. तिने ते मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं, आणि तरी पुन्हा एकदा म्हणून बघावंसं वाटत राहिलं.

आवाज वाढत गेले. ती खोलीत आली की टक् टक्, दाराकडे वळली की टक् टक् टक्, घाईघाईने. एकदा तिच्या मागे कोणीतरी कोरडं खोकललं. चटईखालचं जुनं वर्तुळ तिने ओल्या फडक्याने कितीदा तरी पुसलं, पण फरशी वाळली की ते पुन्हा दिसायचं. परीक्षा जवळ येत होती आणि तिची एक रेघ सरळ येत नव्हती.

शेवटी तिने मामाला सगळं सांगितलं. स्टूल, चटई, न दिलेला निरोप. तो रागावेल असं तिला वाटलं होतं. खरं तर तो रागवावा अशी तिची इच्छा होती.

मामा हसला. उचकी आली.

"मग दे की निरोप," तो म्हणाला. "तू बोलावलंस, तूच घालव."

"तू येशील बरोबर?"

"दारात उभा राहतो. चालेल ना?"

भर दुपार होती. खिडकीतून उन्हाचा पट्टा थेट स्टुलावर पडला होता. खाली आईचं यंत्र चालू होतं. मामा चौकटीला टेकून उभा होता, पायांची बोटं उंबरठ्याच्या बरोबर बाहेर.

टाचणीने चटई बाजूला केली. निरोपासाठी वर्तुळ पुरं असावं लागतं. तिने खडू घेतला आणि जुन्या रेघेवरून नवी रेघ ओढायला लागली.

टक्.

रेघ वाकडी गेली होती. तिने ती सरळ केली.

पुढे गेली. मलमाचा वास दाट झाला होता. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते भीतीचं की कशाचं, तिलाही कळेना.

सांधा आला.

टक् टक्. हळू, न चिडता.

तिने श्वास रोखला आणि खडू डाव्या हातात घेतला. का, ते तिला सांगता आलं नसतं. एका फटक्यात रेघ रेघेला मिळाली. कुठे फट नाही, कुठे जाडी नाही.

काठी वाजली नाही.

"बघतेस काय?" दारातून मामा म्हणाला. "दे."

"आलास तसा जा," टाचणी म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "वाट मोकळी आहे. मागे वळू..."

"ठीक," कोणीतरी म्हणालं.

अगदी जवळून. जाड, दमलेल्या आवाजात.

"...नकोस," तिचं तोंड म्हणून गेलं.

खोली शांत झाली. वास गेला.

मग दारातला मामा किंचित बाजूला सरकला, कोणाला तरी वाट करून द्यावी तसा. आणि जिन्यावर पावलं वाजली. एक पाऊल, काठी, ओढलेलं पाऊल. एक पाऊल, काठी, ओढलेलं पाऊल. खाली, खाली.

शिवणयंत्र थांबलं.

"दादा?" खालून आईचा आवाज आला. "अरे, उन्हाचा कुठे निघालास?"

रस्त्याकडचं दार उघडलं आणि लागलं.

टाचणी धावत खिडकीशी गेली. रस्ता रिकामा होता. "मामा!" ती ओरडली. तिने पुन्हा हाक मारली, मग बोलावण्याचे सगळे शब्द म्हटले, एकदा, पुन्हा एकदा, आवाज बसेपर्यंत. समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. बाकी काही झालं नाही.

तिच्यामागे फरशीवर पावलं वाजली, हलकी, सारखी.

मामा उंबरठा ओलांडून आत आला होता. तो वर्तुळापाशी थांबला, पायाच्या बोटाने सांधा पुसला, आणि स्टुलावर ऐसपैस बसला.

"हं," तो हसत म्हणाला. "अजून काय हवंय?"