अँटिग्वाच्या चौकात बाप्पा

कस्तुरी डोळे चोळत जिना उतरली, तेव्हा एक अनोळखी तरुण तिच्या कॅथीड्रलच्या घुमटावर लाल जरबेरा ठेवत होता.

“जास्वंद नाही मिळाली,” तो ओशाळं हसला. “सुपरमार्केटमध्ये एवढंच होतं... चालेल ना?”

उन्हाळाभर स्टुडिओत खपून तिने उभं केलेलं शहर कुणीतरी दिवाणखान्यातल्या टेबलावर आणून मांडलं होतं. स्पॅनिश राजवटीतलं, ग्वातेमालातलं अँटिग्वा, थर्माकोल आणि कार्डबोर्डचं, पांढरंशुभ्र. कडेने कमानींच्या ओसऱ्या, मधोमध मोठा चौक. आणि त्या चौकात, जिथे कारंजं चिकटवायचं राहिलं होतं, नेमका तिथे गणपती बसला होता. पुढ्यात मोदक, दूर्वा, आणि कमानीकमानीत सांडलेल्या अक्षता.

“हे माझा मॉडेल आहे!” ती किंचाळलीच. “मास्टर्सचा! मंडेला प्रेझेंटेशन आहे!”

तरुणाचा चेहरा खाडकन उतरला. “पण सुप्रभाकाकू म्हणाल्या, मखर मागच्या काचेच्या खोलीत, कॉन्झर्व्हेटरीत आहे. मी आणायला गेलो, तर तिथे हे. आणि मध्ये जागासुद्धा सोडलेली होती!”

आता यात त्या बिचाऱ्याची तरी काय चूक? थर्माकोलच्या कमानी आणि मधोमध रिकामी जागा दिसल्यावर मराठी माणसाला दुसरं सुचणार काय? खरं मखर तर आदल्या दिवशी कस्तुरीनेच, मॉडेलला जागा हवी म्हणून, गॅरेजमध्ये नेऊन टाकलं होतं. आई हॉस्पिटलची ड्यूटी संपवून थेट पूजेला बसलेली, गुरुजींना ब्रिस्टलमधली आणखी घरं गाठायची. सगळा घाईचा मामला!

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई, म्हणजेच सुप्रभाकाकू, आली, ती कौतुकाने नुसती फुलून. “यंदा मखर तू केलंस? आणि मला पत्ता नाही! हा रघुवीर गं, आपल्या मंडळातला. मदतीला आलाय.”

“आई, गणपती उचल. प्लीज.”

“प्राणप्रतिष्ठा झाली ना! आता पाचव्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत मूर्ती हलवायची नसते...” बोलता बोलता आईचं लक्ष लेकीच्या चेहऱ्याकडे गेलं, मग मॉडेलकडे गेलं, आणि ती मटकन खुर्चीत बसली.

पाचवा दिवस म्हणजे बुधवार. आणि सोमवारी परीक्षकांना मॉडेल दिसलं नाही, तर कस्तुरीचं वर्ष पाण्यात. तिचे डोळे भरून आले.

दुपारी पाहुणे पांगले तरी रघुवीर गेला नाही. मऊ ब्रश घेऊन कमानींतला एकेक दाणा टिपत बसला. याच्याशी अबोला धरायचा, असं कस्तुरीने पक्कं ठरवलं होतं. पण त्याची ती लांबसडक बोटं इतकी जपून फिरत होती... की रागवायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही.

“हे गाव बांधायला सुरुवात कुठून केली त्यांनी?” त्याने विचारलं.

“चौकातून. स्पॅनिश लोक आधी चौक आखायचे, मग रस्ते, मग घरं. मार्केट इथे, बुलफाइट इथे, हा गव्हर्नरचा पॅलेस. एव्हरीबडी केम हिअर.”

“आणि प्रेमात कुठे पडायचे?”

“इथेच, ऑब्व्हियसली,” ती बोलून गेली आणि कानांपर्यंत लाल झाली.

“मग पुढे?” तो गालातल्या गालात हसत होता.

“पुढे मोठा अर्थक्वेक झाला. ऑर्डर आली, सगळे निघा, कॅपिटल दुसरीकडे बांधू. काही लोक गेलेच नाही. इथेच राहिले.” तिने सुस्कारा सोडला. “माझी ट्यूटर म्हणते, तुझा मॉडेल करेक्ट आहे, पण त्यात लोक कुठे आहे?”

रघुवीरने ब्रश खाली ठेवला आणि तो तिच्याकडे बघतच राहिला. कस्तुरीने उगाचच केस कानामागे सारले.

“मूर्ती हलवायची नाही ना?” तो म्हणाला. “मग ट्यूटरबाईंना हलवू. सोमवारी आरतीला बोलव. लोकच लोक दाखवू त्यांना!”

“यू आर मॅड.”

“असेन. फोन कर.”

तिने केला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं... आणि मग पत्ता विचारला.

सोमवारी संध्याकाळी ट्यूटरबाई आणि दुसरे परीक्षक दारात बूट काढून आत आले, तेव्हा घरात पाय ठेवायला जागा नव्हती. झांजा वाजत होत्या. कुणी कॅथीड्रलच्या बाजूने हात जोडलेले, कुणी पॅलेसवरून वाकून दर्शन घेत होतं, आणि बाजाराच्या ओसरीपाशी दोन आजोबांचा क्रिकेटवरून वाद रंगला होता. आरती संपल्यावर कस्तुरी बोलायला उभी राहिली. हातातला कागद तिने दोनदा उलटसुलट केला. समोर प्रसादाचं ताट धरून उभ्या असलेल्या रघुवीरने नुसती मान हलवली, आणि तिला एकदम धीर आला. ती बोलत गेली, सगळं घर ऐकत राहिलं.

परीक्षकांनी प्रश्न विचारले, बाहेर जाऊन आपसात कुजबुजले. परत आल्यावर ट्यूटरबाईंनी दुसरा मोदक उचलला आणि त्या म्हणाल्या, चौक कशासाठी असतो ते आज दिसलं. कस्तुरी पास झाली होती.

तिने गर्दीतून वाट काढत जाऊन रघुवीरचा हात धरला... आणि मग तो सोडायचा राहूनच गेला.

“एक सांगायचं होतं,” तो हळूच म्हणाला. “बुधवारी मी एडिनबराला चाललोय. नवीन प्रोजेक्ट. आधीच ठरलेलं.”

कस्तुरीने हात आणखी घट्ट धरला.

बुधवारी मागच्या बागेत, पाण्याने भरलेल्या टबात विसर्जन झालं. भुरभुर पावसात सगळ्यांनी घसा खरवडून बाप्पाला पुढच्या वर्षी लवकर यायला बजावलं. रघुवीर काकूंच्या पाया पडला, बॅग उचलून निघाला. कस्तुरी फाटकापर्यंत त्याच्यामागे गेली.

“अजून रागावलीस? मॉडेलवरून?” त्याने विचारलं.

“मॉडेलवरून नाही. तू चालला म्हणून.”

रघुवीरने बॅग खाली ठेवली. “कस्तुरी... मला तू आवडतेस. त्या दिवशी माझ्यावर किंचाळलीस ना, तेव्हापासून.”

“सो लेट सांगतो कुणी?” तिचे डोळे पाण्याने भरले होते आणि ती हसतही होती. “मलापण तू आवडतो. खूप.”

टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. रघुवीर नाइलाजाने आत बसला. कस्तुरीने खिडकीत वाकून त्याची कॉलर सारखी केली.

“आणि ऐक. पुढच्या वर्षी वगैरे बाप्पाला सांगितलंय. तू या शनिवारी यायचं.”