मधली वायर

पटत नसेल तर सोडून द्या, पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. मे १९७०. चांदवडजवळचा घाट. आणि वेळ भर दुपारची.

माझ्या सहादूमामाची फियाट टॅक्सी पंचवटीच्या स्टँडवर असायची. सकाळी निरोप आला. धाकटी बहीण सुमन, म्हणजे माझी आई, घाटापलीकडे सासरी अडलीय. सुईणीने हात टेकलेत, नाशिकलाच न्या.

आणि नेमकी गाडी झटके मारत होती. प्लगच्या वायरी चिरल्या होत्या.

भिमाजी मेकॅनिककडे दोन संच होते. नवा होता दुसऱ्या बनावटीच्या गाडीचा, तो चौथ्या प्लगपर्यंत पोचेना. जुना मात्र तंतोतंत बसत होता...

तो रावजीच्या गाडीचा होता. रावजी महिन्यापूर्वी त्याच घाटात गाडीसकट गेला. मेलेल्याच्या गाडीचा साधा नटही स्टँडवर कुणी घेत नसे.

"सहादू, नको रे," भिमाजी म्हणाला.

"बौद्ध झालो तेव्हाच भुतंखेतं आम्ही विहाराबाहेर सोडून आलोय. लाव तू."

रावजीची एक सवय सगळ्यांना ठाऊक होती. गाडी उभी केली की चोरीच्या भीतीने या संचातली मधली वायर उपटून खिशात टाकायचा. ती नसली की इंजिन सुरूच होत नाही.

जाताना गाडी झकास पळाली.

येताना मागच्या सीटवर आई कण्हत होती. घाटातलं वळण आलं...

इंजिन बंद.

मामाने बॉनेट उघडलं. मधली वायर नव्हती. रस्त्यावर चिटपाखरू नाही. घाम पुसायला रुमाल काढावा म्हणून त्याने शर्टाच्या खिशात हात घातला...

वायर. गरम.

लावली. गाडी दहा पावलं गेली आणि पुन्हा बंद. वायर पुन्हा खिशात.

मागचं कण्हणं थांबलं होतं.

मग मामाचं डोकंच फिरलं.

"रावजी, तू गेलास, वाईट झालं. पण माझ्या बहिणीला मी इथे मरू देणार नाही. काय करायचं ते कर."

वायर हातात घेऊन त्याने शर्टाचा खिसा टराटरा फाडला आणि दरीत भिरकावला. वायर लावली.

गाडी थेट नाशिकच्या दवाखान्यापाशीच थांबली. संध्याकाळी माझा जन्म झाला.

तेव्हापासून मामा बिनखिशाचे शर्ट शिवतो. "भितो होय मी? मला खिसा लागतच नाही," म्हणतो.

फियाट कधीच भंगारात गेली. यंदा माझ्या लग्नात मी हट्टाने त्याला खिशाचा शर्ट घालायला लावला. दुसऱ्या दिवशी धुवायला घेतला.

खिसा रिकामा होता.

आत फक्त काळ्या तेलाचा डाग होता, वायरीच्या जाडीचा... हात लावला तर कापड गरम लागलं.

मामाला मी अजून सांगितलेलं नाही.