न दुखलेला रविवार

"जपून हां... पुढं पायरी हाय. हात देऊ का?"

राजारामपुरीतल्या डॉक्टरांच्या दारात मी काळा गॉगल लावून उभी होते. आंधळी नाही मी, असं फाडकन म्हणणारच होते. पण तो आवाज... काकवीसारखा. मी निमूट हात पुढं केला!

त्यानं मला बाकावर बसवलं आणि पिशवीतून कागद काढले. "मायग्रेनच्या पेशंटना विचारायचे प्रश्न हायेत. इंग्रजीतनं मराठीत आणलेत. लोकांना नीट कळतात का ते बघायचंय. मी वाचतो, तुम्ही सांगा."

"वाचा की."

"डोकं दुखत नसतं त्या दिवशीसुद्धा, पुढचे बेत ठरवायची धास्ती वाटते का? कधीच नाही, कधीकधी, की कायम?"

"दुखत नसतं तेव्हा कसली धास्ती? कधीच नाही."

"आज दुखतंय?"

"न्हाय."

"मग गॉगल?"

"दुखंल म्हणून..."

मी गॉगल काढला आणि त्याच्या हातातला कागद ओढून पुढचा प्रश्न स्वतःच वाचला. त्याचे कान लालभडक!

"तुम्हाला दिसतंय की!"

"दिसतंय तर. तुम्ही पण दिसताय. बरे दिसताय."

बोलून गेले आणि जीभ चावली. पण तो हसला... आणि माझं काम तिथंच तमाम झालं.

नाव प्रसेनजीत. गाव गडमुडशिंगी. समाजकार्याचं शिकत होता आणि डॉक्टरांच्या पुण्यातल्या अभ्यासासाठी पेशंटना भेटत होता. "आता तो धास्तीचा प्रश्न तुमच्या शब्दांत सांगा," तो म्हणाला. "कळला का ते मला बघायचंय."

मी सांगत सुटले. मंगळवार पेठेत मी ब्लाऊज शिवते. बायका विचारतात, कधी मिळंल? मी म्हणते, बघू. लग्नाचे ब्लाऊज घेतच नाही, कारण लग्नाला तारीख असते आणि माझ्या डोक्याला नसते. डोकं उठलं की आक्का, माझी थोरली बहीण, खोलीत अंधार करते, कपाळाला फडकं बांधते. थांबलं की सगळे म्हणतात, झालं न्हवं बरं? मग हस की! मधल्या चांगल्या दिवसांचं मला कुणी, कधी विचारलंच नव्हतं. यानं विचारलं आणि मी प्रेमात पडले. हे प्रश्न तो दिवसभर सगळ्यांनाच विचारत होता, हे समोर दिसत असूनसुद्धा पडले. गाढव नुसती!

मग त्याच्या शर्टाची बटणं तुटायला लागली. दर आठवड्याला एक.

"प्रसेनजीत, बटणं तुटत्यात का तोडतोस?"

"तोडतो की," तो सरळ म्हणायचा. "गुरुवारी पाचला परत येतो."

आणि गुरुवारी पाचला यायचाच. एसटी बंद असली तरी कुणाच्या तरी गाडीवरून यायचा. मी मात्र कशालाच हो म्हणत नव्हते. रविवारी घाटावर येशील? बघू. म्हणून तो न सांगता यायचा, "आत्ता चल" म्हणायचा, आणि मी मशीनवरचं कापड तसंच टाकून निघायची.

अशाच एका संध्याकाळी पंचगंगेच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसलो होतो. तो पाण्याकडं बघत म्हणाला, "आईला तुझ्याबद्दल सांगितलंय. पुढच्या रविवारी जेवायला बोलावलंय तिनं. कुरुंदवाडचे मामा पण येणार हायेत."

"बघू—"

"आता बघू नको, भैरवी. एकदा हो म्हण."

"आणि दुखलं तर?"

"तर निरोप दे. मी सांभाळतो सगळ्यांना. तुझं दुखणं मला कळतंय की."

त्याच्या बोटांनी माझी बोटं धरली होती. मी म्हणाले, "हो." पुढच्या दिवसाला दिलेला माझा पहिला हो... आणि असं वाटलं की आता काही बिघडणार नाही.

रविवार उजाडला. आक्काला त्याच्या जातीवरून काय म्हणायचं ते म्हणून झालं होतं; आता तीच माझ्या मोरपंखी साडीला इस्त्री करत होती. मी नेसले, गजरा माळला. डोकं अगदी हलकं होतं. आणि तिथंच भीती शिरली. आत्ता नाही, म्हणजे तिथं उठणार. भरल्या ताटावर, मामांच्या पुढ्यात. मला उलटी होईल, त्याची आई माझं कपाळ धरेल, आणि सगळी माणसं गप्प होऊन बघतील.

फोन वाजला. उचलला नाही. आक्का ओरडली, तिचं पण ऐकलं नाही. मी खाली वाकून बघत होते, मान झटकून बघत होते. दुखायला लागलं असतं तर सुटले असते. दुखलंच नाही मेलं! दुपार टळली तरी मी कॉटच्या कडेला तशीच बसून होते.

संध्याकाळी तो आला. दार न वाजवता आला, आवाजानं मला त्रास होतो म्हणून. आधी खिडकी लोटून अंधार केला, मग डबा मशीनवर ठेवला.

"लई दुखलं?" तो कुजबुजला. "आईनं मऊ भात दिलाय, फोडणी न घालता. म्हणाली, पोरगी तिकडं तळमळत असंल. मामांना पण हळू बोलायला लावलं तिनं... जशी काय तू आतच निजलीयस."

एक हुंकार पुरला असता. तेवढा दिला असता तर सगळं राहिलं असतं.

"दुखलं न्हाय," मी म्हणाले. "सकाळपासनं एकदाबी न्हाय."

"मग?"

"दुखंल म्हणून..."

तो माझ्या साडीकडं बघत राहिला. सुकलेल्या गजऱ्याकडं.

"दुखलं म्हण की," तो म्हणाला. "तेवढंच म्हण. मी खरं धरतो."

"लग्नाची तारीख धरशील तेव्हाबी मी अशीच बसंन रे. नटून. त्या कागदावरचं माझं उत्तर खोटं होतं, प्रसेनजीत. कायम वाटती धास्ती. कायम. बदल ते."

"कागद कधीच गेले पुण्याला," तो म्हणाला.

मी रडले. त्यानं जवळ घेतलं नाही, रागावला पण नाही. नुसता दमलेला दिसला. डबा माझ्याकडं थोडा सरकवला, उंबऱ्यावर जाऊन चपला घातल्या.

"परत कधी येशील?" मी विचारलं.

तो पाठमोरा थांबला.

"बघू," तो म्हणाला. अगदी हळू, दुखणाऱ्या माणसाशी बोलतात तसं.